सुट्टी, दुपार आणि मोबाइल: घरात पहिल्यांदाच नियम लावणाऱ्या आईबाबांसाठी

एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, मेच्या सुरुवातीला निकाल हातात पडतो आणि तिथून पुढे दीडेक महिना मुलं घरी. विदर्भात तर जूनचा शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत. शाळा सुरू असताना मोबाइलला फारसा वाव नसतो, कारण बस, शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतच दिवस संपतो. सुट्टी लागली की तीच पोरं डोळे चोळत उठतात ती थेट रिमोट शोधत. पहिले दोन-तीन दिवस आपणही "असू दे, सुट्टी आहे" म्हणतो. आठवड्याभरात मोबाइल जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसतो आणि उचलायला गेलं की घरात रणकंदन.

ज्यांनी आजवर असा कुठलाच नियम घरात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी नागपुरात राहते, त्यामुळे उदाहरणं इकडची. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ऊन थोडं कमी आणि जागाही थोडी कमी, बाकी कुरकुर सगळीकडे सारखीच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बहुतेक घरांतला नियम "दिवसाला एक तास" असा असतो आणि तो टिकत नाही. तास मोजणार कोण? सकाळी वीस मिनिटं झाली, जेवताना पंधरा, मध्येच बाबांच्या फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघितला तो धरायचा की नाही? मूल दिवसभर हिशेब मांडतं, वकिली करतं आणि शेवटी जिंकतं. त्यापेक्षा घड्याळातली जागा ठरवा. "चार ते पाच." मग सकाळी दहाला विचारलं तरी उत्तर "चार वाजता", आणि दीडला विचारलं तरी "चार वाजता". चार-पाच दिवस हेच उत्तर मिळालं की विचारणं आपोआप कमी होतं.

पायरी १: आधी मोठ्यांची बैठक

मुलांना काही सांगण्याआधी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकदा बसून बोलावं. आईबाबांनी नियम केला आणि आजीने "लेकराला घास तरी जाऊ दे" म्हणून फोन हातात दिला, तर नियम संपला. आजीचा यात दोष नाही. दिवसभर मुलाला सांभाळते ती, आणि आपण ऑफिसातून फोनवर फर्मानं सोडतो. त्यामुळे तिला विचारूनच वेळ ठरवा. तिला दुपारी तासभर पाठ टेकायची असेल तर मुलांची स्क्रीनची वेळ तीच ठेवायलाही हरकत नाही. तिची सात वाजताची मालिका मात्र मुलाच्या हिशेबात धरायची नाही आणि त्या वेळी मुलाला तिथे बसवायचंही नाही. मालिका बघत होमवर्क आणि जेवण या दोन्ही गोष्टी एकदा जमल्या की सुटता सुटत नाहीत.

आपलं स्वतःचं काय, हा प्रश्न मुलं विचारतातच. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे गाव तुम्ही बातम्यांमध्ये वाचलं असेल. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठचा दुसरा भोंगा होईपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. कोरोनाच्या ऑनलाइन शाळेत हातात आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून ग्रामपंचायतीने हा ठराव केला आणि अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन तो समजावला. मला त्यातला भोंगा फार आवडतो. भोंगा आईसाठीही वाजतो आणि पोरांसाठीही, त्यामुळे कोणी कोणावर ओरडायचं कारण उरत नाही. घरात भोंगा नसला तरी रात्रीच्या जेवणाचा तासभर सगळ्यांचे फोन एका टोपलीत टाकता येतात. बाबांचा ऑफिसचा फोन आला तर उठून बाहेर जाऊन घ्यावा, ताटावर नको.

पायरी २: किती वेळ?

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नाहीच, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. पाच ते दहा वर्षांपर्यंत २ तासांहून कमी. त्यापुढच्या मुलांना तासांचं बंधन असं नाही, पण झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांतलं काही मारून स्क्रीन नको.

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, कोटा म्हणून पुरे करायचे नाहीत. माझं मत विचाराल तर सहा ते दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत रोज एक तास आणि शनिवार-रविवारी एखादा सिनेमा, एवढं पुष्कळ झालं. सिनेमा दोन तासांचा असला तरी मला चालतो. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, सगळे मिळून बघतात, त्यावर जेवताना बोलणं होतं. रील आणि शॉर्ट्सचा अर्धा तास मात्र मला अजिबात परवडत नाही. ते संपतच नाहीत, आणि न संपणारी गोष्ट मुलाने आपणहून थांबवावी ही अपेक्षाच चुकीची. आपल्याला तरी कुठे जमतं?

शक्य असेल तिथे मोबाइलऐवजी टीव्ही. डोळ्यांपासून लांब असतो आणि काय चाललंय ते स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं.

पायरी ३: घड्याळातली जागा निवडा

सकाळची वेळ देऊ नका. उठल्या उठल्या कार्टून लागलं की पुढचा सगळा दिवस त्यापुढे फिका पडतो. सकाळी साडेसहा ते नऊ हा उन्हाळ्यातला सोन्यासारखा वेळ; तेव्हा मुलं मैदानात, अंगणात, निदान सोसायटीच्या पार्किंगमध्ये असावीत. दिवसाउजेडी रोज बाहेर खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबरचा, म्हणजे लांबचं दिसण्यासाठीचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, हे डोळ्यांचे डॉक्टर आता आवर्जून सांगतात. झोपण्याआधीचा तासही बाद, कारण त्यानंतर झोप लवकर लागत नाही.

राहिली दुपार. इथे एक युक्ती आहे. स्क्रीनची वेळ अशी ठेवा की ती संपताच मुलाला हवंहवंसं काहीतरी सुरू होईल. आमच्याकडे पाचनंतर ऊन उतरायला लागतं आणि खालून हाका येतात. म्हणून चार ते पाच. पाचला टीव्ही बंद करायला सांगताना मी एकटी नसते, खाली सायकल घेऊन उभे असलेले मित्र माझ्या बाजूने असतात. हीच वेळ दोन ते तीन ठेवली असती, तर तीनला पुढे काय, तर रिकामी दुपार. तिथे भांडण होणारच.

पायरी ४: फोन आणि टीव्हीची तयारी

ही कामं मुलं झोपल्यावर एका रात्रीत उरकावीत.

आपल्याकडे बहुतेक लहान मुलांचा स्वतःचा फोन नसतो, ती आईबाबांचा वापरतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या आसपास "ॲप पिनिंग" सापडेल. नाही सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "पिन" टाइप करा. ते चालू केलं की उघडलेलं ॲप तिथेच अडकून राहतं आणि बाहेर पडायला आपला पिन लागतो. म्हणजे कार्टून बघता बघता मूल तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये शिरून ऑफिसच्या ग्रुपवर बत्तीस केळी आणि एक डायनासोर पाठवत नाही. आयफोनमध्ये हेच काम "गाइडेड ॲक्सेस" करतं. ते ॲक्सेसिबिलिटीत असतं आणि त्यात वेळही लावता येते.

मुलाचा वेगळा फोन किंवा टॅब असेल तर अँड्रॉइडसाठी गुगलचं "फॅमिली लिंक" आणि आयफोन-आयपॅडसाठी "स्क्रीन टाइम". दोन्हींत रोजची मर्यादा, रात्रीची बंदची वेळ आणि नवीन ॲपसाठी तुमची परवानगी, असं सगळं आहे. पासवर्ड मात्र फोनच्या लॉकपेक्षा वेगळा ठेवा आणि मुलांसमोर टाकू नका. ठशाच्या लॉकवरही फार विसंबू नका. झोपलेल्या आजोबांचा अंगठा हळूच उचलून फोनला लावणारी पोरं मी बघितली आहेत.

यूट्यूबमध्ये "ऑटोप्ले" बंद करा. हे एकच बटण या यादीत सगळ्यात उपयोगी आहे, कारण एक व्हिडिओ संपला की स्क्रीन थांबते आणि उठायला निमित्त मिळतं. नेटफ्लिक्सवरही प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लागणं बंद करता येतं. अगदी लहानांसाठी "यूट्यूब किड्स" आणि त्यातला टायमर. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड विचारला जाईल असं करून ठेवा, नाहीतर गेममधली हिऱ्यांची थैली तुमच्या खात्यातून येते.

पायरी ५: पहिले काही दिवस

नियम एखाद्या रविवारी जेवताना शांतपणे सांगा. रागाच्या भरात, हातातला फोन हिसकावून घेतल्यावर सांगितलेला नियम मुलांना शिक्षा वाटतो. कागदावर मोठ्या अक्षरात वेळ लिहून फ्रिजवर लावा. लिहायचं काम मुलालाच द्या.

संपण्याच्या दहा मिनिटं आधी एकदा सांगायचं, आणि थांबायचं ते भाग संपल्यावर. मधेच तोडू नका. बंद करण्याचं बटण मुलानेच दाबायचं. गेमच्या बाबतीत तर मिनिटांपेक्षा डाव मोजलेले बरे. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमचा एक मोठा सामना अर्ध्या तासापर्यंत चालू शकतो, फ्री फायरचा दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. मध्येच वायफाय काढलं तर मुलाचा संघ हरतो, मित्र शिव्या घालतात आणि त्याचा राग खरा असतो. "आज एक मॅच" असं ठरलं की ती कधी संपणार हे त्यालाही माहीत असतं. माइनक्राफ्टसारख्या खेळांना शेवटच नसतो, तिथे घड्याळाचा गजर लावा.

रडारड होणार. आदळआपट, "तू वाईट आई आहेस", "शेजारच्यांकडे तर चालतं", सगळं होणार. तेव्हा भाषण देऊ नका. चार वाजता मिळणार आहे, एवढंच बोला आणि आपल्या कामाला लागा. मात्र चारला ते मिळालंच पाहिजे. पाहुणे आले, लाइट गेले, तुम्ही चिडलेल्या आहात, काहीही असो. ठरलेली वेळ शिक्षा म्हणून कापली की "चार वाजता" या शब्दावरचा विश्वास उडतो. लाइट गेले असतील तर पाचनंतर भरून द्या.

पायरी ६: दुपार

खरी कसोटी इथे आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात असतो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, तर विचारू नका. अकरा ते पाच बाहेर पडणं शक्य नाही. खिडक्यांना पडदे, कूलरची घरघर आणि फरशीवर लोळणारी मुलं. या सहा तासांची सोय केली नाही तर वरच्या पाचही पायऱ्या वाया.

"आई, काय करू?"

"काही करू नकोस."

"कंटाळा आलाय."

"बरं."

हा संवाद सुट्टीत अनेकदा होईल आणि तो व्हायला हवा. प्रत्येक कंटाळ्यावर आपण काहीतरी हातात देत गेलो तर आपण मोबाइलच्याच कामावर लागलो. वाट बघा. अर्ध्या तासाने सोफ्याच्या गाद्या जमिनीवर आलेल्या असतात आणि त्यांचं काहीतरी घर, दुकान किंवा जहाज झालेलं असतं. पसारा होईल. होऊ द्या, आवरायचं त्यांनीच.

पण कंटाळ्यालाही कच्चा माल लागतो. एका खोक्यात पुठ्ठे, सुतळी, चिकटपट्टी, रिकाम्या बाटल्या, जुन्या पत्रिका, खडू टाकून ठेवा. त्यात एखादं बिघडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि बारीक स्क्रूड्रायव्हर ठेवला, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाची अख्खी दुपार जाते. आधी काचेवरची पट्टी निघते, मग काटे, मग मागची काळी डबी उघडते आणि आत पांढरी प्लास्टिकची दातेरी चाकं दिसतात. ती परत बसत नाहीत, पण चाकाने चाक फिरतं हे बोटाला कळतं. सेल आधी काढून घ्या. रिमोट आणि खेळण्यांतले चपटे बटण सेल तर घरात लहान मूल असेल तिथे नकोतच. गिळले तर जिवावर बेततं.

पत्त्यांचा कॅट घ्या. सहा वर्षांचं मूल बदाम सात सहज खेळतं आणि आकड्यांचा चढता-उतरता क्रम त्याला कोणी शिकवावा लागत नाही. गुलामचोर लहानांना फार आवडतो, कारण त्यात मोठे हरतात. दहाच्या पुढची चार मुलं जमली की मेंढीकोट शिकवा. कोणती मेंढी (म्हणजे दहाचा पत्ता) पडली, कोणती बाकी आहे हे लक्षात ठेवताना त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. कॅरम, नवा व्यापार, सागरगोटे ही कपाटावरची मंडळीही खाली काढा. सागरगोटे नसतील तर पाच गुळगुळीत खडे चालतात.

घरातली उन्हाळी कामं हा तर हातचा खजिना. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्या आंबूस वासाने नाक मुरडणारी मुलंच चौथ्या दिवशी सकाळी शिजलेला गरम चीक खायला वाटी घेऊन रांगेत उभी असतात. सोऱ्या दाबायला त्यांना द्या. कुरडई वाकडी पडेल, तळल्यावर चव तीच लागते. गच्चीवर राखण करण्याचं काम मुलांचं, आणि राखणदारानेच अर्धवट वाळलेल्या कुरडया पळवायच्या ही जुनी रीत. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायचं काम पाइपसकट मुलांकडे सोपवा. निम्मं पाणी अंगावर जातं, त्याचीच तर मजा.

गोष्ट ऐकायला स्क्रीन लागत नाही. फोन पालथा घालून कपाटावर ठेवा, छोट्या स्पीकरवर मराठी गोष्टी लावा आणि मुलांना डोळे मिटून लोळू द्या. निम्मी झोपतात. जवळच्या वाचनालयात मुलांच्या नावाने सुट्टीपुरतं खातं काढा आणि पुस्तक त्यांनाच निवडू द्या, मग ते भुताचंच का असेना.

दोघंही नोकरीवर असाल आणि घरी आजी-आजोबा नसतील तर सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून दुपारची पाळी लावून घ्यावी. शिबिरं चांगली असतात, पण महाग, आणि तिथून दमून आलेलं मूल उरलेला दिवस टीव्हीसमोरच पडतं असा माझा अनुभव आहे. शिबिर लावलं तरी चार ते पाच कायम.

अपवादांचं काय?

आयपीएल. सामना साडेसातला सुरू होतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत लांबतो. पूर्ण बंदी घालाल तर मूल शेजारी जाऊन बघेल. एक डाव बघू द्या, साडेनऊच्या आत तो आटोपतो. त्या दिवशी चारची वेळ नाही, हे सकाळीच सांगायचं आणि निवड मुलाने करायची. दुसरा डाव? निकाल सकाळच्या पेपरात असतोच.

मामाच्या गावाला गेल्यावर आपला कायदा चालत नाही. तिथे मावसभावाचा फोन असेल, मामी लाड करेल. चार दिवस सोडून द्या, मामीला धडे देऊ नका. फक्त रात्री झोपताना अंथरुणात फोन नको, एवढं एक सांभाळा. तसंही गच्चीवर गाद्या पडल्या की मुलांना वर बघायला लावणं सोपं असतं. मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी चांगले उंचावर असतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधुक अरुंधती. ती कोणाला आधी दिसते यावर पैज लावा.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी

यांना चार ते पाच सांगून चालत नाही. मित्रांचं जग त्या फोनमध्ये आहे आणि ते आपण तोडू शकत नाही. त्यांच्याशी बसून बोला आणि दोनच गोष्टींवर अडून राहा: रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला, आणि जेवताना फोन नाही. "गजर लावायचाय" ही सबब येईल, तेव्हा साधं गजराचं घड्याळ आणून द्या. बाकीच्या वेळेचा हिशेब त्यांनाच ठेवू द्या. फोनच्या "डिजिटल वेलबीइंग"मध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं. आठवड्यातून एकदा एकमेकांचे आकडे दाखवायचे. तुमचा आकडा जास्त निघाला तर हसून घ्या आणि तुमचाही कमी करा.

फोन काढल्यावर मूल मारायला धावतं, खाणं-झोप सुटली आहे, मित्रांना भेटणंही बंद केलं आहे आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं आहे, तर प्रकरण नियमांच्या पलीकडचं आहे. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा सरकारच्या "टेलिमानस" या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

जून लागला की

शाळा उघडण्याआधी आठ-दहा दिवस झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत जा. स्क्रीनची जागाही आताच बदलून टाका, कारण शाळेच्या दिवसांत चारला मूल बसमध्ये असेल. नवीन वेळ कोणती, हे मुलालाच विचारा, पुन्हा त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवरचा जुना कागद काढून तिथे चिकटवा. गणवेशाची मापं आणि वह्या-पुस्तकांची कव्हरं त्याच आठवड्यात काढा. कव्हरं घालायला चार-पाच दुपारी आरामात लागतात.